३९ अंकी एक मूळ संख्या : विधान, सिद्धता आणि पडताळा

१

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७ ही ३९ अंकी संख्या म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १ होय. ती मूळ असल्याचे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका ह्याने १८७६ मध्ये जाहीर केले. तेव्हापासून १९५१ पर्यंत, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी म्हणून तिचाच निर्देश होत राहिला. विद्युत्-गणकयंत्रांचा उदय होण्यापूर्वी केवळ हाताने केलेल्या आकडेमोडीच्या बळावर जिचे मूळत्व प्रस्थापित झाले अशी तिच्याहून मोठी संख्या नाही.

परंतु आकाराचा मोठेपणा हे तिच्या महत्त्वाचे खरे कारण नव्हे. मोठेपणाचा मान आज ना उद्या दुसऱ्या संख्येकडे जावयाचाच असतो, व तो गेलाही. ह्या संख्येचा इतिहास अभ्यसनीय ठरतो तो एका वेगळ्याच प्रश्नामुळे. एखादी प्रचंड संख्या मूळ आहे हे आपल्याला 'कळले' असे केव्हा म्हणावयाचे? कोणा विद्वानाने तसे म्हटले म्हणून? सर्व संभाव्य भाजकांनी भागून पाहिले म्हणून? की एखाद्या प्रमेयाच्या आधारे केलेल्या आकडेमोडीचा शेवट अपेक्षेप्रमाणे झाला म्हणून? ह्या तिन्ही प्रकारचा आधार ह्या एकाच संख्येला वेगवेगळ्या काळी मिळाला आहे. त्या आधारांचे बलाबल तपासणे हाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. सोयीसाठी २ चा न वा घात वजा १ ही संख्या पुढे म(न) अशी लिहिली आहे.

२

म(न) ह्या रूपाच्या संख्यांकडे गणितज्ञांचे लक्ष वेधले गेले ते परिपूर्ण संख्यांच्या निमित्ताने. स्वतःखेरीज इतर सर्व भाजकांची बेरीज ज्या संख्येइतकीच होते ती परिपूर्ण संख्या. ६, २८ व ४९६ ही तिची परिचित उदाहरणे. म(न) ही संख्या मूळ असेल तर तिला २ च्या (न − १) व्या घाताने गुणून येणारा गुणाकार परिपूर्ण असतो, हे युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात सिद्ध केले. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या ह्याच रूपाची असते, हा व्यत्यास ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केला. अशा रीतीने परिपूर्ण संख्यांचा शोध हा म(न) रूपाच्या मूळ संख्यांचा शोध ठरला.

म(न) मूळ असण्यासाठी न हा घातांक मूळ असणे आवश्यक आहे, हे सहज दाखविता येते. परंतु तेवढे पुरेसे नाही. ११ ही मूळ संख्या आहे, तथापि म(११) म्हणजे २०४७ ही २३ आणि ८९ ह्यांचा गुणाकार आहे, ही गोष्ट १५३६ मध्ये रेगियसने दाखवून दिली. इटलीतील कातालदी ह्याने म(१७) व म(१९) ह्या संख्या भागाकाराने तपासून त्या मूळ असल्याचे ठरविले. त्याचा ग्रंथ १६०३ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु २३, २९, ३१ व ३७ ह्या घातांकांविषयीही त्याने तसेच विधान करून टाकले. त्यांपैकी केवळ ३१ विषयीचे विधान पुढे खरे ठरले. १६४० मध्ये फर्माने म(२३) ला ४७ ने व म(३७) ला २२३ ने भाग जातो हे दाखविले. म(२९) ला २३३ ने भाग जातो हे ऑयलरने दाखविले.

ह्या पार्श्वभूमीवर १६४४ मध्ये मारॅं मेर्सेन ह्या फ्रेंच धर्मोपदेशकाने आपल्या ग्रंथात एक यादी दिली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ ह्या अकरा घातांकांसाठीच म(न) मूळ असते, असे त्याचे म्हणणे होते. ह्या विधानाला त्याने सिद्धता दिली नाही. ती त्याच्याजवळ असणेही शक्य नव्हते. कारण पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्यास सारा काळही पुरणार नाही, अशी कबुली त्यानेच दिलेली आहे. यादीतील ७, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ हे घातांक २ च्या कोणत्या ना कोणत्या घातापासून १ किंवा ३ इतक्याच अंतरावर आहेत. तेव्हा अशा एखाद्या साम्यावरून मेर्सेनने अंदाज बांधला असावा, असे काही संशोधकांना वाटते. यादीत पाच चुका निघाल्या. ६७ व २५७ हे घातांक तीत नको होते, आणि ६१, ८९ व १०७ हे हवे होते. १२७ विषयीचे विधान मात्र खरे निघाले. तथापि खरे निघालेले विधान आणि ज्ञात झालेले सत्य ह्यांत अंतर आहे. मेर्सेनला १२७ विषयी जितके ठाऊक होते तितकेच ६७ विषयीही ठाऊक होते, आणि त्या दोहोंपैकी एक असत्य होते.

३

अंदाजाकडून पुराव्याकडे जाण्याचा पहिला मार्ग भागाकाराचा. एखादी संख्या संयुक्त असेल तर तिच्या वर्गमुळाहून मोठा नसलेला एक तरी मूळ भाजक तिला असतोच; म्हणून वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावयाचे. म(न) च्या बाबतीत हे श्रम बरेच कमी करता येतात. न ही विषम मूळ संख्या असता म(न) चा प्रत्येक मूळ भाजक २कन + १ ह्या रूपाचा असतो, ही गोष्ट फर्माला ठाऊक होती. शिवाय तो भाजक ८ च्या पटीहून १ ने अधिक किंवा १ ने उणा असावा लागतो. ह्या दोन अटी एकत्र करून ऑयलरने १७७२ मध्ये म(३१), म्हणजे २,१४,७४,८३,६४७, ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. तिचा भाजक २४८क + १ किंवा २४८क + ६३ ह्याच रूपाचा असू शकतो. ४६,३३९ पर्यंत अशा मूळ संख्या सुमारे ८०च भरतात, आणि त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. ही सिद्धता संपूर्ण आहे. तीत विश्वासावर सोडून दिलेले काही नाही. धीर असेल तर कोणत्याही वाचकाला दोन-चार दिवसांत ती पुन्हा तपासून घेता येईल.

ह्या मार्गाची मर्यादा मात्र लवकरच दिसून आली. इंग्रज गणिती पीटर बार्लो ह्याने १८११ मध्ये म(३१) पासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येविषयी लिहिताना, ह्याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच शोधली जाणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या असून उपयोगाच्या नाहीत, असा अभिप्राय दिला. १८६७ मध्ये लाँद्री ह्याने म(५९) चे अवयव पाडून ३,२०,३४,३१,७८०,३३७ ह्या आकड्यांनी बनलेली १३ अंकी मूळ संख्या मिळविली. तोपर्यंतच्या पद्धतीची झेप जवळजवळ तेथे संपली.

म(१२७) च्या बाबतीत हे गणित मांडून पाहावे. तिचे वर्गमूळ सुमारे १३ वर १८ शून्ये इतके येते. तेथपर्यंतच्या मूळ संख्यांपैकी वरील दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या संख्यांचा अंदाज केला तर तो दहा कोटी कोटींहून अधिक भरतो. दर मिनिटास एक भागाकार ह्या वेगाने अहोरात्र काम केले तरी त्यास दोनशे कोटींहून अधिक वर्षे लागतील. तेव्हा मेर्सेनने व्यक्त केलेली निराशा निराधार नव्हती. भाजक शोधणे हाच मूळत्व ठरविण्याचा एकमेव मार्ग असता तर ह्या संख्येविषयी ल्युकाच्या काळी काहीच कळू शकले नसते.

४

एदुआर ल्युका (१८४२–१८९१) ह्याने आरंभी पॅरिसच्या वेधशाळेत काम केले, १८७०–७१ च्या युद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता, आणि त्यानंतर त्याने मूलँ व पॅरिस येथील विद्यालयांत गणिताचे अध्यापन केले. सर्वसामान्य वाचकाला तो 'हानोईचा मनोरा' ह्या खेळण्याचा जनक म्हणून परिचित असतो. १८८३ मध्ये टोपणनावाने विक्रीस आणलेल्या ह्या खेळण्यात न चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर नेण्यास कमीत कमी म(न) इतक्या हालचाली लागतात. काशीच्या मंदिरात चौसष्ट सुवर्णचकत्या हलवीत बसलेल्या ब्राह्मणांची जी कथा ह्या खेळण्याशी जोडली गेली ती फ्रान्समध्ये रचलेली आहे. परंतु खेळण्यामागचे गणित आणि म(१२७) मागचे गणित एकाच मनातून आलेले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ल्युकाचे मुख्य साधन होते १, १, २, ३, ५, ८, १३ ही क्रमिका. तिला फिबोनाचीचे नाव रूढ झाले ते ल्युकामुळेच. मात्रावृत्तांचे प्रस्तार मोजताना हीच क्रमिका विरहांक व हेमचंद्र ह्या भारतीय छंदःशास्त्रकारांनी फिबोनाचीच्या आधी दिलेली होती. एखादी मूळ संख्या ह्या क्रमिकेतील कोणकोणत्या पदांना भागते, ह्यासंबंधीचे नियम ल्युकाने शोधून काढले. त्यांतून त्याला जे उमगले त्याचा सारांश असा: ज्याप्रमाणे संख्येच्या भाजकांवरून तिचे मूळत्व ठरविता येते, त्याचप्रमाणे ती संख्या स्वतः ज्यांना भागते त्या पदांवरूनही ते ठरविता येते. भाजकांच्या शोधात असंख्य चाचण्या कराव्या लागतात. येथे एकाच पदाची परीक्षा पुरते.

म(१२७) ला लागू पडणारी कसोटी आजच्या स्वरूपात अशी मांडता येईल. ३ ह्या संख्येपासून आरंभ करावा. प्रत्येक पदाचा वर्ग करून त्यातून २ वजा केले की पुढील पद मिळते. ३, ७, ४७, २२०७ अशी ही क्रमिका होय. न ही मूळ संख्या ४ ने भागली असता बाकी ३ उरत असेल, तर म(न) मूळ असण्याची आवश्यक आणि पुरेशी अट हीच की ह्या क्रमिकेतील (न − १) व्या पदाला म(न) ने निःशेष भाग जावा. पदे फार वेगाने वाढतात. परंतु प्रत्येक पायरीवर म(न) ने भागून केवळ बाकी ठेवली तरी चालते.

दोन लहान उदाहरणांनी कसोटीचे स्वरूप स्पष्ट होईल. न = ७ घेतल्यास म(७) = १२७. बाक्या क्रमाने ३, ७, ४७, ४८, १६, ० अशा येतात. सहावी बाकी शून्य, म्हणून १२७ मूळ. न = ११ घेतल्यास म(११) = २०४७. येथे बाक्या ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, १६०, १०३४ अशा येतात. दहावी बाकी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. ह्या दुसऱ्या उदाहरणात २३ किंवा ८९ ह्यांचे नावही कोठे आले नाही. संख्येचे अवयव काय आहेत हे मुळीच न सांगता तिला अवयव आहेत एवढे मात्र ही कसोटी निश्चित सांगते. अवयवांचा प्रश्न आणि मूळत्वाचा प्रश्न हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, ही जाणीव येथे प्रथमच आकडेमोडीच्या व्यवहारात उतरली.

म(१२७) साठी १२६ वे पद तपासावयाचे, म्हणजे १२५ वेळा वर्ग करावयाचा. संख्या द्विमान पद्धतीने लिहिली तर भागाकाराचे कष्टही टळतात. २ च्या न व्या घाताला म(न) ने भागले असता बाकी १ उरते. त्यामुळे न स्थानांच्या पलीकडे गेलेला भाग उचलून उजवीकडच्या भागात मिळविला की काम झाले. वरील पहिल्या उदाहरणात ४८ चा वर्ग २३०४, म्हणजे १२८ ची १८ पट. म्हणून बाकी १८, आणि त्यातून २ वजा करून १६. ह्या गुणधर्माचा लाभ घेऊन बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटीत सोंगट्या मांडून गुणाकार करण्याची रीत ल्युकाने वर्णिली आहे. १२७ गुणिले १२७ घरांच्या अशा चौकटी १२५ वेळा हाताळावयाच्या, म्हणजे एकूण सुमारे वीस लाख घरांचा व्यवहार झाला. काम कंटाळवाणे खरे. परंतु एका माणसाच्या आवाक्यातील. दोनशे कोटी वर्षांचे काम अशा रीतीने एका प्रमेयाने काही आठवड्यांच्या वा महिन्यांच्या पल्ल्यात आणून ठेवले.

५

१८७६ मध्ये ल्युकाने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि १८७८ मध्ये अमेरिकेतील नव्या गणितविषयक नियतकालिकात आपल्या क्रमिकांचा सविस्तर सिद्धान्त मांडला. तथापि त्याच्या प्रतिपादनात दोन उणिवा राहिल्या. पहिली तात्त्विक. त्याची काही विधाने सैल शब्दांत मांडलेली होती व काही सिद्धता अपुऱ्या होत्या. १९१३ मध्ये कारमायकेल ह्याने त्यांतील बऱ्याच दुरुस्त केल्या, आणि डी. एच. लेमर ह्याने १९३० च्या प्रबंधात व १९३५ च्या टिपणात ही कसोटी पूर्ण काटेकोर रूपात आणली. ४, १४, १९४ अशा क्रमिकेवर आधारलेली व सर्व विषम मूळ घातांकांना लागू पडणारी 'ल्युका-लेमर कसोटी' ती हीच. दुसरी उणीव व्यावहारिक. १२५ पायऱ्यांच्या आकडेमोडीचा जो तपशील दुसऱ्या कोणास ताडून पाहता यावा, तो निष्कर्षाबरोबर वाचकांपुढे आला नाही. १८९१ मध्ये एका मेजवानीच्या वेळी फुटलेल्या बशीचा तुकडा गालावर लागून झालेल्या जखमेनंतर थोड्याच दिवसांत ल्युकाचे निधन झाले, आणि त्याच्याकडून अधिक काही मिळण्याची शक्यताही संपली. म(१२७) ची स्वतंत्र पडताळणी फोकॅंबर्ग ह्याने १९१४ मध्ये केली. मधली अडतीस वर्षे ही संख्या एका माणसाच्या शब्दावर मूळ मानली गेली.

मग मेर्सेनच्या शब्दात आणि ल्युकाच्या शब्दात फरक कोणता? फरक आहे, आणि तो मूलगामी आहे. ल्युकाच्या कसोटीतील 'शून्य' हे उत्तर स्वतःच स्वतःची साक्ष देते. १२५ पायऱ्यांत कोठेही एक अंक चुकला तर त्यापुढील सर्व बाक्या पार बदलून जातात. आणि अशी भरकटलेली आकडेमोड योगायोगाने नेमकी शून्यावर येऊन थांबण्याचा संभव ३८-३९ अंकी संख्येत एक इतका, म्हणजे व्यवहारतः नाहीच. म्हणून गणन खरोखर केले असेल व शेवटी शून्य आले असेल, तर ते बहुधा बिनचूकच असणार. उलटपक्षी बाकी शून्य न येणे हा फार दुबळा पुरावा आहे. कारण संख्या संयुक्त असली तरी बाकी उरते, आणि संख्या मूळ असून गणकाच्या हातून चूक झाली तरीही बाकीच उरते. ह्या दोन बाक्यांचा चेहरा सारखाच असतो.

ह्या विषमतेचा प्रत्यय मेर्सेनच्या यादीच्या उर्वरित इतिहासात वारंवार येतो. म(६७) संयुक्त असल्याचे ल्युकाने १८७६ मध्येच म्हटले होते. परंतु तिचा एकही अवयव ज्ञात नव्हता. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथील अमेरिकन गणित संस्थेच्या सभेत एफ. एन. कोल ह्याने तिचे अवयव सादर केले. कोलने फळ्यावर एकीकडे २ चा ६७ वा घात वजा १ करून दाखविला, दुसरीकडे १९,३७,०७,७२१ आणि ७६१,८३८,२५७,२८७ ह्यांचा गुणाकार केला, आणि दोन्ही उत्तरे सारखी येताच एक शब्दही न बोलता तो जागेवर जाऊन बसला, अशी कथा ई. टी. बेल ह्याने बऱ्याच वर्षांनी लिहून ठेवली आहे. कथेतील मौनाची खातरजमा करण्याचे साधन आपल्याजवळ नसले तरी त्या मौनाचा अर्थ स्पष्ट आहे. अवयव एकदा हाती आले की बोलण्याची गरजच उरत नाही. कोणाही विद्यार्थ्याला तो गुणाकार अर्ध्या तासात पडताळता येतो. शून्य बाकी हा जसा मूळत्वाचा स्वयंसिद्ध पुरावा, तसे अवयव हा संयुक्तत्वाचा.

इतर घातांकांचा निर्णयही ह्याच काळात लागत गेला. रशियातील पेर्वूशिन ह्याने १८८३ मध्ये म(६१) मूळ असल्याचे दाखविले. पॉवर्स ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९११ मध्ये म(८९) व १९१४ मध्ये म(१०७) विषयी तसेच सिद्ध केले. म(२५७) संयुक्त असल्याचा निर्णय क्राइचिक व लेमर ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात शून्येतर बाकीवरून दिला. तिचे अवयव मात्र त्यानंतर सुमारे अर्धशतक अज्ञातच राहिले. अखेरीस १९४७ मध्ये उलर ह्याच्या गणनांनी २५७ पर्यंतच्या सर्व घातांकांचा निकाल पूर्ण झाला. मेर्सेनच्या एका वाक्याची तपासणी संपण्यास ३०३ वर्षे लागली.

६

म(१२७) चे अग्रस्थान १९५१ मध्ये संपले. त्या वर्षी फेरिए ह्याने साध्या यांत्रिक गणकाच्या साहाय्याने २ चा १४८ वा घात अधिक १ ह्या संख्येला १७ ने भागून येणारी ४४ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखविले; आणि त्याच वर्षी केंब्रिज येथील 'एडसॅक' यंत्रावर मिलर व व्हीलर ह्यांना एक ७९ अंकी मूळ संख्या मिळाली. ही दुसरी संख्या म(१२७) च्या वर्गाची १८० पट अधिक १ अशी आहे. तिच्या मूळत्वाची सिद्धता म(१२७) च्या मूळत्वावर आधारलेली आहे. जुन्या संख्येला मागे टाकणारी नवी संख्या जुनीच्याच खांद्यावर उभी होती. म्हणजे १८७६ चा निष्कर्ष चुकीचा असता तर १९५१ ची ही सिद्धताही कोसळली असती. एखाद्या निष्कर्षाचा पडताळा का जपून ठेवावयाचा, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिस येथील 'स्वॅक' यंत्रावर राफेल रॉबिन्सनची आज्ञावली चालविण्यात आली, आणि एकाच दिवशी म(५२१) व म(६०७) ह्या मूळ संख्या मिळाल्या. त्याच वर्षी १२७९, २२०३ व २२८१ हे घातांकही सापडले. यंत्र नवे होते, कसोटी मात्र ल्युका आणि लेमर ह्यांचीच होती. १९९६ पासून जगभरातील हजारो स्वयंसेवकांच्या यंत्रांवर हा शोध संघटितपणे चालू झाला. त्यातून ऑक्टोबर २०२४ मध्ये म(१३,६२,७९,८४१) ही ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या जाहीर झाली. ह्या प्रकारची ती ५२ वी ज्ञात मूळ संख्या होय. ह्या उपक्रमातील शिस्त येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या घातांकांसाठी शून्येतर बाकी येते त्यांच्या अंतिम बाकीचा एक तुकडा नोंदवून ठेवावयाचा, आणि दुसऱ्या यंत्रावर स्वतंत्रपणे काढलेल्या बाकीशी तो ताडून पाहावयाचा, ही रीत तेथे दीर्घकाळ पाळली गेली. बाकी शून्य आली तरी दोष यंत्रात किंवा आज्ञावलीत असू शकतो. म्हणून नवी मूळ संख्या भिन्न यंत्रांवर व भिन्न आज्ञावल्यांनी तपासल्याशिवाय जाहीर केली जात नाही. ल्युकाच्या निवेदनात जे राहून गेले होते, ते आता नियम म्हणून पाळले जाते.

मूळत्वाचा निर्णय आणि अवयवांचा शोध ह्यांतील अंतरही पुढे अधिक स्पष्ट झाले. ल्युकाची कसोटी विशिष्ट रूपाच्या संख्यांसाठीच होती. कोणत्याही संख्येचे मूळत्व, तिच्या अंकसंख्येच्या एखाद्या ठराविक घाताच्या प्रमाणातील पायऱ्यांत, निरपवादपणे ठरविता येते, हे २००२ मध्ये कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अगरवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना ह्यांनी सिद्ध केले. अवयव पाडण्यासाठी नेहमीच्या यंत्रांवर तितकी जलद रीत आजही ज्ञात नाही. म(१२७) ला व्यवहारातही स्थान मिळाले आहे. २०१५ मध्ये मांडलेल्या 'फोर-क्यू' ह्या सांकेतिक लेखनाच्या वक्राचे गणित ह्याच संख्येच्या बाक्यांवर चालते. कारण १२७ स्थानांपलीकडचा भाग उचलून पुन्हा मिळविण्याची जी सोय ल्युकाला सोंगट्यांच्या पटावर उपयोगी पडली, तीच आजच्या यंत्रांनाही पडते. केवळ कुतूहलाच्या संख्यांचा शोध कोणी घेणार नाही, हे बार्लोचे भाकीत दोन्ही अंगांनी चुकले.

७

ह्या संख्येपाशी एक दार मात्र अद्याप बंदच आहे. १८७६ मध्येच बेल्जियममधील कातालां ह्याने २, ३, ७, १२७, म(१२७) अशी मालिका पुढे ठेवली. हिच्यातील प्रत्येक संख्या मागील संख्येला घातांक करून मिळते, आणि ह्या पाचही मूळ आहेत. सहावी संख्या, म्हणजे २ चा म(१२७) वा घात वजा १, हीही मूळ आहे काय? तिच्यात किती अंक आहेत हे सांगण्यासच ३८ अंक लागतात. ती कोणत्याही यंत्रात लिहून ठेवता येणार नाही. तिच्यावर ल्युका-लेमर कसोटी चालवावयाची तर म(१२७) हून केवळ दोनने कमी इतके वर्ग करावे लागतील. तिच्याबाबत आपल्या हाती भागाकाराचाच जुना मार्ग उरतो. त्या मार्गाने आजवर तिचा एकही भाजक मिळालेला नाही. परंतु भाजक न मिळणे म्हणजे मूळत्व सिद्ध होणे नव्हे. त्या संख्येपुढे आपण आज जवळजवळ तेथेच उभे आहोत जेथे १६४४ मध्ये मेर्सेन १२७ पुढे उभा होता.

तेव्हा आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. मोठ्या संख्येचे मूळत्व 'कळणे' ह्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: काय तपासले असता पुरे होईल हे सांगणारे सिद्ध प्रमेय, त्यानुसार खरोखर केलेले गणन, आणि त्या गणनाचा दुसऱ्याला घेता येण्यासारखा पडताळा. मेर्सेनजवळ ह्यांपैकी एकही नव्हती. ल्युकाजवळ दुसरी पूर्णपणे, पहिली बऱ्याच अंशी आणि तिसरी अगदीच थोडी होती. कारमायकेल, फोकॅंबर्ग व लेमर ह्यांनी उरलेले पुरे केले. नव्या सत्याचा शोध लावणाऱ्याचे नाव इतिहास आवर्जून नोंदवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु ते सत्य पुन्हा तपासून घेणाऱ्यांचे ऋण नोंदविल्याशिवाय त्या शोधाचा इतिहास पूर्ण होत नाही. आपल्या संशोधनात ज्या विद्यार्थ्यांना पुढे दीर्घ आकडेमोडीवर किंवा यंत्रांवर अवलंबून राहावयाचे आहे, त्यांनी निष्कर्षाबरोबरच त्याकडे नेणाऱ्या बाक्याही जपून ठेवाव्यात, हाच ह्या ३९ अंकी संख्येच्या इतिहासाचा बोध होय.